चाळीस वाक्यांचं शुद्धिपत्र

पाळणाघराच्या फाटकावर पाटी होती: 'मुलं न्यायची वेळ साडेपाच.' खाली वेगळ्या रंगात, मागाहून सुचल्यासारखं: 'साडेपाच म्हणजे साडेपाच.' शिकलेल्या माणसांना कुठलीही गोष्ट दोनदा सांगितल्याशिवाय कळत नाही, असं पाळणाघर चालवणाऱ्या ताईंचं पंधरा वर्षांच्या अनुभवाअंती मत झालं होतं.

आणि ताईंच्या दारात शिकलेल्या माणसांचीच रांग होती. जागा चौदा मुलांची, प्रतीक्षायादीच्या वहीत नावं सेहेचाळीस. त्यातलं एक बाळ अजून जन्मालाच यायचंय, असं बाकीच्या आया कुजबुजत. त्यामुळे पिल्लूला तिथे जागा मिळाली तेव्हा त्याच्या आईने फोनवर नवऱ्याला ऐकवलेली किंकाळी एवढी आनंदाची होती, की एम.ए.ला पहिला वर्ग मिळाला तेव्हाही तिच्या तोंडून तशी निघाली नव्हती.

जागा मिळणं कठीण आणि जाणं सोपं. पोरांचं चावणं, ओरबाडणं, भिंतीवरची खडूची चित्रकला, ताई सगळं पोटात घालत. मोठ्यांचं बोलणं मात्र नाही. एक बाप म्हणाला, 'आमच्या मुलाला इथेच वाईट सवयी लागल्या.' दुसऱ्या दिवशी त्याच्या मुलाची पिशवी, उशी आणि पाण्याची बाटली फाटकाशी ओळीने मांडून ठेवलेली. एक आई फोनवर मैत्रिणीशी बोलताना ताईंना 'ती बाई' म्हणाली. पिशवी, उशी, बाटली. याच क्रमाने. पिल्लूच्या आईच्या डोळ्यांसमोर हा क्रम भाजी चिरतानासुद्धा येई.

म्हणून ती रोज सकाळी फाटकात फार जपून बोले. निदान तिचा तसा समज होता.

नोकरी ती शाळेची गाईडं छापणाऱ्या एका कंपनीत करायची. खाली चष्म्याचं दुकान, वर कंपनी. तिचं काम होतं इंग्रजी व्याकरणाच्या गाईडसाठी उदाहरणाची वाक्यं रचणं. या कामासाठी जगात कुणी पगार घेत असेल, हे नोकरी लागेपर्यंत तिलाही ठाऊक नव्हतं. साहित्याचा एवढा अभ्यास करून ती 'शिंपी कापड कापतो' असं लिहीत होती, आणि तेही वरिष्ठांच्या मंजुरीनंतर.

कंपनीत वाक्यांचे नियम कडक होते. नाव घालायचं नाही. फार पूर्वी एका वाक्यातला मुलगा आळशी निघाला, आणि त्याच नावाच्या तीन मुलांचे बाप एका आठवड्यात जिना चढून आले. तेव्हापासून गाईडात फक्त शिंपी, डॉक्टर, मामा आणि शेजारीण. आजारपण नको, भांडण नको, मेलेला प्राणी नको. मग उरलं काय? पेन. क्वेश्चन टॅगच्या धड्यात गेल्या चार आवृत्त्या एकच पेन फिरत होतं. हे पेन आहे, नाही का? हे पेन नाही, आहे का? ते तुझं पेन आहे, नाही का?

"पेन पुरे झालं," मुख्य संपादक मंगळवारी म्हणाले. त्यांना माघारी सगळे 'पूर्णविराम' म्हणत, कारण ते बोलले की पुढे कुणी काही बोलत नसे. "शिक्षकांची तक्रार आहे. जिवंत वाक्यं द्या. चाळीस. शुक्रवारपर्यंत."

क्वेश्चन टॅग म्हणजे वाक्याला मागून लावलेलं प्रश्नाचं शेपूट. वाक्य होकारी असलं तर शेपूट नकारी, वाक्य नकारी असलं तर शेपूट होकारी. एवढा नियम पाठ करून मुलं परीक्षेला जातात आणि दोन मार्क घालवून घरी येतात. तिने नियम लिहिला, आणि कर्तव्यबुद्धीने खाली एक चौकटही घातली: 'वाक्याच्या शेवटी आवाज उतरला, तर बोलणाऱ्याला उत्तर माहीत असते, त्याला फक्त तुमचा होकार हवा असतो. आवाज चढला, तर त्याला उत्तर खरोखर माहीत नसते.' चौकट छान दिसत होती. खाली मात्र चाळीस रिकामे आकडे तोंड वासून बसले होते.

त्या आठवड्यात पिल्लूला दाढा येत होत्या. तिची झोप जेमतेम तीन तासांची. डोक्यात मेंदू असा नव्हताच, होते ते कान, आणि कानांत सकाळ-संध्याकाळचं साठलेलं. तिने पहिलं वाक्य लिहिलं: 'बाकीच्या आया वेळेवर येतात, येतात ना?' अर्थात इंग्रजीत. मग दुसरं: 'टोपी तुम्ही आणतच नाही, आणता का?' मग 'घरी त्याला सारखं कडेवरच घेता, घेता ना?' मग नळ उघडल्यासारखं झालं. रोज संध्याकाळी ताई ज्या एकेका वाक्याने तिचा पाणउतारा करत, ती सगळी शेपटासकट कागदावर उतरली. 'आया'च्या जागी 'बायका' घातल्या, बोलणाऱ्या ताईंची 'शेजारीण' केली. दुपारपर्यंत बावीस झाली. उरलेली अठरा तिने डोकं खाजवून स्वतःच्या कल्पनेने रचली, आणि त्यांचाच तिला जास्त अभिमान वाटला.

पूर्णविराम वाचताना हसले. कंपनीत ही घटना सात वर्षांनी घडत होती.

"कोण हो ही शेजारीण? अगदी ओळखीची वाटते. आमची ही अशीच बोलते."

"काल्पनिक आहे, सर."

"असंच काल्पनिक लिहीत जा."

गाईड छापलं गेलं, शाळांनी लावलं, आणि तिला त्याचा विसरही पडला. विसर पडावा म्हणूनच तर माणसं पुस्तकं छापतात.

एके संध्याकाळी ती पिल्लूला आणायला गेली, तर बुटक्या टेबलाशी ताईंची नात बसलेली. सातवीतली मुलगी, शाळा सुटली की आजीकडे येऊन गृहपाठ करायची. पुढ्यात निळ्या कव्हराचं गाईड. कव्हर कुणी ठरवलंय, शाई कुठे पसरलीय, पिल्लूच्या आईला घरच्यासारखं ठाऊक होतं.

"हे... हे लावलंय का तुम्हाला?"

"हो काकू. सगळी वाक्यं भाषांतर करून आणायची असतात. प्रत्येक धड्याची."

"कितवा धडा चाललाय?"

"अकरावा."

क्वेश्चन टॅग तेरावा. भाषांतर करून. म्हणजे ताईंची वाक्यं इंग्रजीचा प्रवास करून, आंघोळ करून, ताईंच्याच भाषेत, ताईंच्याच खोलीत, ताईंच्याच नातीच्या तोंडून परत येणार होती. पिशवी, उशी, बाटली.

घरी नवरा मोजे वाळत घालत होता.

"अरे, त्या वाचतील रे."

"नाव घातलंयस का त्यांचं?"

"नाव घालतच नाही आम्ही."

"मग झालं तर."

"काय झालं? नाव घालायची गरजच नाही, इतकं ओळखू येतंय!"

"मग छान लिहिलंयस की," तो म्हणाला आणि दुसरा मोजा शोधू लागला. नवऱ्यांना संकट दाखवलं की ते मोजा शोधतात.

छापण्याच्या धंद्यातल्या माणसाला प्रत्येक दुखण्यावर एकच औषध माहीत असतं: शुद्धिपत्र. काही चुकलं, चिठ्ठी छापा, चिकटवा, वाचकाची क्षमा मागा. आयुष्यात इतरत्रही हे चालतं, अशी त्यांची हळूहळू खात्री पटत जाते. दुसऱ्या दिवशी ती अक्षरजुळणी करणाऱ्या मैत्रिणीच्या मागे जाऊन उभी राहिली.

"मला एक शुद्धिपत्र लावून दे. पानाएवढंच. चाळीस वाक्यं. जुन्या आवृत्तीतली, पेनांची."

"किती प्रती?"

"एक."

"एका प्रतीचं शुद्धिपत्र? असलं काही मी आजवर बघितलेलं नाही."

"आता बघ."

त्या संध्याकाळी पाळणाघरात, नातीच्या टेबलाशी, तिने पिशवीतून घडी न पडू देता आणलेला कागद आणि डिंकाची बाटली काढली. "अगं, आमच्या ऑफिसातून आलंय. त्या पानावर छपाईच्या चुका राहिल्यात. मीच लावून देते." एका हाताने कडेवर पिल्लू आणि दुसऱ्या हाताने डिंक. पान दिसेनासं झालं. कोपरे दाबून बसवले. पिल्लूच्या केसांनाही थोडा लागला.

ताई स्वयंपाकघराच्या दारात पेला पुसत उभ्या होत्या.

"किती वाक्यं चुकली?"

"चाळीस."

"आणि आहेत किती?"

"चाळीस."

"बाकी अख्खं पुस्तक बरोबर?"

"हो. म्हणजे, छपाईचं असंच असतं, ताई."

"बरं," ताई म्हणाल्या.

हे 'बरं' तिला घरी जाईपर्यंत पुरलं. ज्या बाईने पंधरा वर्षं दोन-दोन वर्षांची पोरं सांभाळली, तिला एक गोष्ट निश्चित कळते: पोर एखादी वस्तू दोन्ही हातांनी झाकून, न विचारता 'काही नाही' म्हणालं, की आधी हात बाजूला करायचे. एम.ए. झालेल्या बाईला हे सुचलं नाही. अभ्यासक्रमात नव्हतं.

पुढच्या दिवशी पिल्लूच्या रोजच्या वहीत लिहिलेलं होतं: 'दूध अर्धा पेला. केळं पूर्ण. झोप सव्वा तास. उद्या पाचला या. बोलायचं आहे.'

बोलायचं आहे! ताई कधी बोलायची पूर्वसूचना देत नसत, बोलूनच टाकत. त्या रात्री काय झालं ते सांगण्यात अर्थ नाही. नवऱ्याला तेवढे सगळे मोजे सापडले.

दुसऱ्या दिवशी साडेचारलाच ती जिना उतरली. गल्लीच्या वळणावरून फाटक दिसलं आणि पाय जागीच थबकले. फाटकाशी पिल्लूची पिशवी होती. पिशवीशेजारी उशी. ती बाटली शोधू लागली. बाटली नव्हती. तिने पिशवीच्या मागे बघितलं, उशीखाली बघितलं, फाटकापलीकडच्या कुंडीतही बघितलं.

"काय हरवलं?" ताई आतून म्हणाल्या. "दूध सांडलं त्याने. दोन्ही धुऊन उन्हात टाकलंय. या आत."

खोलीत मुलं खेळत होती. पिल्लू एका ठोकळ्यावर दुसरा ठोकळा ठेवून तो पडण्याची वाट बघत होता. बुटक्या टेबलावर निळं गाईड, पान उघडं. पेनांचा कागद शेजारी काढून ठेवलेला, जराही न फाटता.

"वाफेवर धरला," ताई म्हणाल्या. "बरण्यांची लेबलं अशीच काढते मी. बसा."

बसायला मुलांची खुर्ची होती. ती तीत बसली, गुडघे हनुवटीला लागले. अपराध्यासाठी यापेक्षा योग्य आसन कुणी बनवलेलं नसेल.

"नातीने चाळीसही भाषांतर करून दिली मला." ताईंनी चष्मा लावला आणि एक फुलस्केप उलगडला. "'बाकीच्या बायका वेळेवर येतात, येतात ना?' ही कोण बोलते?"

"ताई, मी..."

"'टोपी तुम्ही आणतच नाही, आणता का?' ही कोण?"

"ताई, खरंच चुकलं माझं."

"थांबा हो. 'तुमच्या मुलाला सगळं कळतं, फक्त चमचा कळत नाही, कळतो का?'" ताई थांबल्या. पुन्हा एकदा मनात वाचलं. "हे मी म्हटलं होतं?"

"हो."

"चांगलं म्हटलंय."

"ताई, मी माफी मागते. मनात वाईट काही नव्हतं. नाव नाही घातलं कुठे, फक्त शेजारीण..."

"तेच विचारते! नाव घालायला काय धाड भरली होती? माझी बावीस वाक्यं. छापलेली. शाळेला लावलेली. आणि मी कोण? शेजारीण! पंधरा वर्षं चौदा पोरांची ढुंगणं धुतली ती शेजारीण म्हणून?"

"आमच्याकडे नाव चालत नाही, ताई."

"मग 'ताई' घाला. ताई हे काय नाव आहे होय?"

तिला भांडण कुठल्या बाजूने येतंय तेच कळेना. तिने ढाल एका खिडकीकडे धरली होती आणि दगड दुसऱ्याच खिडकीतून येत होते.

"असो. ती बावीस माझी. मी बोलते तशी, नाकारत नाही. आता उरलेली अठरा कुणाची?"

"ती मी मनाने रचली."

"मनाने?"

ताईंनी कपाटातून एक जाडजूड वही काढली. ही रोजच्या दूध-केळ्याची नव्हे. सकाळी फाटकात पालक जे सांगत ते ताई शब्दशः यात टिपून ठेवत, म्हणजे संध्याकाळी 'मी असं म्हटलंच नव्हतं' असं कुणी म्हणायला नको.

"सोमवार. पिल्लूची आई. 'तो आज रडणार नाही, रडेल का?' तुमच्या पुस्तकात सत्ताविसावं. तिथे शिंपी रडत नाही." ताईंनी पान उलटलं. "मंगळवार. 'काही झालं तर लगेच फोन कराल, कराल ना?' एकतिसावं. डॉक्टर फोन करतात. बुधवार, 'खिडकीची कडी घट्ट आहे, आहे ना?' गुरुवार, परत कडी. शुक्रवारी कडी आणि फोन दोन्ही." त्यांचं बोट खाली खाली सरकत शेवटच्या ओळीवर थांबलं. "आणि हे चाळिसावं. 'मामा मला विसरणार नाही, विसरेल का?' हे तुम्ही पहिल्या दिवशी म्हणाला होतात. तिथे मामा नव्हता."

पिल्लूचा ठोकळा पडला. त्याने तो पुन्हा ठेवला.

तिने गाईडाचं पान स्वतःकडे ओढलं. अठरा वाक्यं. कल्पनाशक्ती! जिच्यावर तिला प्रथम वर्ग मिळाला होता, ती बया रोज सकाळी फाटकातून उचलेगिरी करत होती, आणि तीही घरातलीच.

"वर चौकट आहे," ताई म्हणाल्या. "आवाज उतरला तर उत्तर माहीत असतं, चढला तर नसतं. कुणी लिहिली?"

"मी."

"मग अधूनमधून वाचत जा. माझी बावीस उतरती आहेत. तुमची अठराही चढती आहेत. मी टोमणे मारते, तुम्हाला भीती वाटते. दोघींनाही वाटतं आपण साधं बोलतोय."

"ताई, जागा..." तिला पुढे 'काढून घेणार नाही, घ्याल का?' असं म्हणायचं होतं. वाक्य चौकटीत बसत होतं म्हणून ते तिने गिळलं.

"काढणार होते," ताईंनी चष्मा काढला. "खोटं कशाला बोलू? परवाच ठरवलं होतं. वाक्यांसाठी नाही, त्या चिठ्ठीसाठी. माझ्या घरात, माझ्या नातीच्या पुस्तकाला, माझ्या डोळ्यांदेखत डिंक लावलात. आणि मी विचारलं तर 'छपाई'! सेहेचाळीस जण उभे आहेत रांगेत. मग वहीत बघितलं. म्हटलं, ही बाई माझ्याशी खोटं बोलली खरी, पण ही स्वतःशीही तेच करतेय."

ती बुटक्या खुर्चीत आणखी बुटकी झाली.

"आता ऐका. तुम्ही फाटकात उभ्या राहून आठ-दहा शेपटं लावता, मी प्रत्येकाला हो म्हणते. तो तुमच्या कडेवर बसून सगळं ऐकत असतो. त्याला वाटतं, आई इतकं विचारतेय म्हणजे आत नक्की वाघ आहे. मग रडतो. उद्यापासून सांगायचं असेल ते सांगा आणि चालू लागा. शेपूट बंद. महिनाभर बघते. जमलं तर जागा तुमची. नाही जमलं..."

ताईंनी फाटकाकडे नुसतं पाहिलं. उशी वाळत आली होती.

"आणि तुमचे टोमणे?" तिने विचारलं. कुठून धीर आला कोण जाणे.

"ते माझ्या पाळणाघराचे नियम आहेत," ताई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती फाटकात उभी राहिली. पिल्लू कडेवर, टोपी डोक्यावर, दोन टोप्या पिशवीत.

"त्याला थोडा खोकला आहे," ती म्हणाली. घशात 'औषध द्याल ना' वळवळलं. ते तसंच ठेवलं. "औषध पिशवीत आहे, जेवणानंतर एक चमचा." कडीचं वाक्य जिभेच्या टोकापर्यंत आलं, दातांवर आपटलं, परत गेलं. "साडेपाचला येते."

तीन वाक्यं. आयुष्यात ती इतकं उघडंबोडकं कधी बोलली नव्हती. कपडे न घालता रस्त्यावर आल्यासारखं वाटलं. तिने पिल्लूला ताईंच्या हातात दिलं.

तो रडला. अर्थात रडला, तो काही गाईडावर चालत नाही. पण त्याचं रडणं अर्ध्यातच अडकलं, कारण रोजच्यासारखी आई परत फिरून काही विचारतेय का, हे बघायला त्याला थांबावं लागलं. ती फिरली नाही. फाटकाची सळई मात्र तिच्या मुठीत होती आणि सुटत नव्हती.

"अहो, पिल्लूची आई," ताई मागून म्हणाल्या. "आता ऑफिसात जाऊन निवांत काम कराल, कराल ना?"

ती दचकली. ताईंचा आवाज शेवटी चढला होता. ताईंना खरंच माहीत नव्हतं.

या प्रश्नाला एरवी ती 'हो हो' म्हणाली असती. शेपटाला सगळे हो म्हणतात, शेपूट त्यासाठीच असतं.

"नाही," ती म्हणाली. "अकरापर्यंत तरी नाही."

ताईंनी पिल्लूला दुसऱ्या कडेवर घेतलं, जाडजूड वही उघडली, वार घातला आणि उभ्या उभ्याच शब्दशः टिपून ठेवलं.